पांढऱ्या कागदावर हरवलेले रंग



आजचा भाग रंगांच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून करते. काही वर्षांपूर्वी मी मॅक्रो फोटोग्राफी शिकत होते. हाताशी एक जुना कॅमेरा होता आणि त्यावर उलटी बसवलेली लेन्स. हा स्वस्तातला उपाय आहे, साधी लेन्स उलटी लावली की ती बारीक वस्तू खूप मोठी करून दाखवते. मॉडेल म्हणून चिलटं. पावसाळ्यात केळी जरा जास्त पिकली की ती न बोलावता येतातच. मेलेलं चिलट मी पांढऱ्या कागदावर ठेवायचे, कारण पुस्तकांत आणि संग्रहालयांच्या फोटोंत कीटक बहुतेक वेळा पांढऱ्यावरच दिसतात. लालभडक डोळे, पिवळट-तपकिरी अंग, काचेसारखे पंख. छान, स्वच्छ फोटो यायचे.

एकदा एक जिवंत चिलट ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर बसलेलं सापडलं. खिडकीतून तिरका उजेड येत होता. फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला, तर पंखांवर किरमिजी आणि हिरवे पट्टे! मला वाटलं, झालं, लेन्सचा दोष. स्वस्त लेन्समध्ये वस्तूंच्या कडांना अशी जांभळी-हिरवी झालर येते, हे मी नुकतंच वाचलं होतं. ती पुसायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, एक पट्टी सरकवायची. मी सरकवली. पंख पुन्हा काचेसारखे झाले आणि तो फोटो मी मोठ्या अभिमानाने मित्रमंडळींना पाठवला.

तो लेन्सचा दोष नव्हता. ते रंग पंखातच होते. आणि ते पुसणारी मी काही पहिली नाही. कीटकांचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच काम शंभरहून जास्त वर्षं केलं, तेही कुठलं सॉफ्टवेअर हाताशी नसताना. कसं, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. हूक रॉयल सोसायटीत प्रयोगांची जबाबदारी सांभाळत होते. सूक्ष्मदर्शकाखाली जे सापडेल ते बघायचं आणि त्याचं चित्र काढायचं, असा त्यांचा खाक्या. पिसू, उवा, माशीचे डोळे, सगळं त्या पुस्तकात आहे. त्यात एक छोटं प्रकरण मोरपिसावर आहे. हूक यांनी मोरपीस पाण्याने भिजवलं आणि त्यांना दिसलं की रंग जातात. नुसते फिके होत नाहीत, तो झगमगाटच जातो. पीस वाळलं की परत येतो.

वरकरणी हे साधं वाटतं, पण विचार करा. रंगवलेलं कापड भिजलं तर रंग गडद होतो, नाहीसा होत नाही. मोरपिसाचा निळा-हिरवा जर रंगद्रव्याचा असता तर पाण्याने त्याचं काय बिघडलं असतं? म्हणजे तो रंग कशाचा तरी थर असल्यामुळे, थराच्या दोन्ही बाजूंना हवा असल्यामुळे दिसतोय. हूक यांनी अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवरही तसेच रंग बघितले होते. पातळपणाशी याचा संबंध आहे इथवर ते पोचले. तो पातळपणा किती, हे मात्र त्यांना मोजता आलं नाही.

मोजलं न्यूटन यांनी. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवलं की दोघांमध्ये हवेची अतिशय पातळ फट राहते, आणि भिंगाच्या गोलाईवरून ती फट कुठे किती आहे ते हिशेबाने काढता येतं. त्या फटीत रंगीत वर्तुळं दिसतात. कुठल्या जाडीला कुठला रंग, याचा तक्ताच न्यूटन यांनी १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये दिला, आणि मोराच्या पिसाऱ्याचे रंगही याच जातीचे असावेत असं लिहून ठेवलं. असं का होतं याचं आज मान्य असलेलं उत्तर यायला आणखी शंभर वर्षं लागली. ते टॉमस यंग यांनी दिलं. प्रकाश ही लाट आहे, पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परतलेली लाट आणि खालच्या पृष्ठावरून परतलेली लाट एकमेकींत मिसळतात, काही रंगांच्या लाटा एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात. शाळेत याला आपण 'व्यतिकरण' म्हणायचो आणि पाठ करून सोडून द्यायचो. साबणाचा फुगा, पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल, सगळीकडे हेच.

पैठणीत धूपछाँव असते ना, कोन बदलला की रंग बदलतो, ती मात्र वेगळी. तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणजे दोन्ही रंग खरोखर रंगाऱ्याने दिलेले. पंखात रंगारी नाहीच.

आता कीटकांच्या पारदर्शक पंखांकडे येऊ. माशी, चिलट, बारीक गांधीलमाश्या यांचा पंख म्हणजे कायटिनचा पापुद्रा. लहान कीटकांत त्याची जाडी काही शे नॅनोमीटर, साधारण आपल्या केसाच्या दोनशेव्या भागाइतकी. न्यूटनच्या तक्त्यात रंग दिसतात ते नेमके याच मापांना. म्हणजे कागदावर हिशेब मांडला तर प्रत्येक चिलटाच्या पंखावर रंग दिसायलाच हवेत. आणि ते कुणाला दिसलेच नव्हते असंही नाही. १८४३ साली गुरो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने फ्रान्सच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या वार्षिकांत कीटकांच्या पंखांवरच्या इंद्रधनुषी झाकेवर एक आख्खा लेख लिहिला होता.

मग तो धागा तुटला कुठे?

मला वाटतं तो टेबलावर तुटला. सिद्धांत कुणी खोडून काढला नाही, कुणी वाद घातला नाही, फक्त कामाच्या सवयी बदलल्या. एकोणिसाव्या शतकात जगभरातून कीटक युरोपच्या संग्रहालयांत पोचू लागले. मोठे कीटक टाचणीला टोचायचे, बारीक कीटक पुठ्ठ्याच्या पांढऱ्या तुकड्यावर चिकटवायचे. चित्रकार पांढऱ्या कागदावर चित्र काढणार, छापखाना पांढऱ्या कागदावर छापणार. पंखाच्या शिरा हा वर्गीकरणाचा मोठा आधार, आणि शिरा सर्वांत चांगल्या दिसतात त्या खालून उजेड सोडला की. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पंख ठेवायचा आणि तळातून प्रकाश द्यायचा.

या सगळ्यात रंग का मरतो ते बघा. पारदर्शक पंखावर पडलेल्या प्रकाशातला फार तर पाचवा हिस्सा परत फिरतो, बाकीचा आरपार जातो. रंग त्या परत फिरलेल्या हिश्श्यात असतो. खाली पांढरा कागद असेल तर आरपार गेलेला सगळा उजेड कागदावर आपटून परत येतो आणि रंगाला गिळून टाकतो. दिवसा चांदण्या असतातच, दिसत नाहीत, तसंच. खाली काळं काही असेल तर आरपार गेलेला उजेड तिथेच मुरतो आणि उरतो तो फक्त पंखाचा रंग. माझ्या ओट्याचा कडप्पा नेमकं हेच करत होता.

त्याहून मोठा घात केला कॅनडा बाल्समने. हा एका फर झाडाचा डिंकासारखा चीक. दोन काचांमध्ये नमुना ठेवून हा चीक भरला की स्लाइड वर्षानुवर्षं टिकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाची कायमची स्लाइड म्हटलं की बाल्सम, हे समीकरणच झालं. गंमत अशी की बाल्सममध्ये प्रकाश जितका वाकतो जवळपास तितकाच कायटिनमध्ये वाकतो. पंख त्यात बुडाला की प्रकाशाच्या दृष्टीने पंखाला पृष्ठभागच उरत नाही. परतायला जागा नाही, तर रंग कुठून येणार?

मी हे घरी करून बघितलंय. चिलटाच्या सुट्या पंखावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला. रंग गेलेच, पण पंखही दिसेनासा झाला, तेलात तरंगणाऱ्या नुसत्या शिरा उरल्या. हूक यांनी मोरपीस भिजवून जो निष्कर्ष काढला होता, त्याचीच ही आवृत्ती. म्हणजे विचित्र प्रकार बघा, १६६५ मध्ये एका माणसाने लिहून ठेवलं की भिजवल्यावर हे रंग जातात, आणि दोनशे वर्षांनी शास्त्र आपले नमुने काळजीपूर्वक, कायमचे, भिजवूनच ठेवायला लागलं. मग वर्णनात लिहिलं जायचं, 'पंख: हायलाइन'. हायलाइन म्हणजे काचेसारखा. एका शब्दात विषय संपला.

याच काळात भौतिकशास्त्रज्ञांना मात्र कीटकांच्या रंगांचं वेड लागलं होतं. पण त्यांचं लक्ष होतं झगमगणाऱ्या मोठ्या मंडळींकडे. दक्षिण अमेरिकेतलं निळं मॉर्फो फुलपाखरू, सोनेरी-हिरवे भुंगेरे, हमिंगबर्ड. त्यात सर्वांत मोठं नाव अल्बर्ट मायकेलसन यांचं. व्यतिकरणावर चालणारं मोजमापाचं यंत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ज्यांना प्रकाशाच्या अशाच अचूक मोजमापांसाठी १९०७ चं नोबेल मिळालं, ते हे. व्यतिकरण ओळखण्यात त्यांचा हात धरणारा त्या वेळी जगात कोण होता? तर १९११ मध्ये त्यांनी पक्षी आणि कीटकांच्या धातूसारख्या रंगांवर लेख लिहिला आणि एक-दोन अपवाद सोडता निर्णय दिला की हे व्यतिकरण नव्हे. धातूचा किंवा काही रंगांच्या वाळलेल्या थराचा जसा पृष्ठभागच चमकतो तसा हा प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं.

चूक होती ती. लॉर्ड रॅली यांनी १९१९ मध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, उलट बाजू मांडली, की एकावर एक रचलेल्या पातळ थरांनी हे रंग नीट समजावता येतात. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत मेसन यांनी नमुने वेगवेगळ्या द्रवांत बुडवून, दाबून, फुगवून हूक यांची जुनीच तपासणी फार बारकाईने केली, आणि पारडं व्यतिकरणाकडे झुकलं. आपल्याकडे रामन यांनी १९३४ मध्ये पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर लिहिलं, आणि त्यांनी घेतलेला पक्षी होता आपला नीलपंख. तिकडचा वाद मिटला तो १९४२ मध्ये. अँडरसन आणि रिचर्ड्स यांनी मॉर्फोचे खवले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवले. खवल्यावरच्या प्रत्येक उभ्या कण्याला दोन्ही बाजूंनी थरावर थर आडवे फुटवे. देवळासमोरची दीपमाळ उभी कापली तर जशी दिसेल तशी रचना. निळं रंगद्रव्य नव्हतंच तिथे.

मायकेलसन यांना हसण्यासारखं यात काही नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाने ते थर दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय त्याच लेखात त्यांनी एका सोनेरी भुंगेऱ्याबद्दल लिहिलं की त्याच्यावरून परतणारा प्रकाश गोल पिळलेला असतो, तेव्हा त्याच्या कवचात मळसूत्रासारखी अतिसूक्ष्म रचना असली पाहिजे. ते अचूक निघालं. एकाच लेखात एवढी मोठी चूक आणि एवढा लांबचा अंदाज, मला तो लेख म्हणूनच आवडतो.

पण मला दिसतं ते दुसरंच. १९१० मध्ये, म्हणजे त्या लेखाच्या एक वर्ष आधी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. तिथून आधुनिक आनुवंशशास्त्राची गाडी सुटली. ड्रॉसोफिला मेलानोगास्टर, म्हणजे तेच ते केळ्यावरचं चिलट, पृथ्वीवरचा सर्वांत जास्त बघितला गेलेला कीटक झाला. डोळ्यांचा रंग, अंगावरचे केस, पंखांच्या शिरा, पंखांचा आकार, एकेका गोष्टीवर लोकांनी आयुष्यं घातली. गुंगी दिलेली चिलटं आजही बऱ्याच प्रयोगशाळांत पांढऱ्या पॅडवर पसरून निवडतात. एकीकडे जगातले मोठमोठे लोक भुंगेऱ्याच्या पाठीवरून भांडतायत, दुसरीकडे बाटल्याच्या बाटल्या भरून चिलटं पांढऱ्यावर ओतली जातायत, आणि त्यांच्या पंखांवरच्या रंगांची दखल जवळपास कुणी घेत नाही. हे असं शंभर वर्षं चाललं.

२०११ च्या जानेवारीत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या एकातेरिना शेवत्सोवा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यातले फोटो बघाच कधीतरी. एक-दोन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या आणि चिलटांसारख्या माश्या, पंख काळ्या पार्श्वभूमीवर. पिवळा, किरमिजी, निळा, हिरवा, नकाशावरच्या उंचसखल रेषांसारखे एकात एक पट्टे. आणि खरोखर तो नकाशाच आहे, जाडीचा नकाशा. पंख मुळाशी जाड, टोकाला पातळ, मधे कुठे फुगलेला, आणि रंग न्यूटनच्या तक्त्याच्या क्रमाने बदलत जातात. शुद्ध लाल मात्र त्यात नाही, आणि बहुतेक कीटकांना लाल दिसतही नाही.

त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. साबणाच्या फुग्याचे रंग हलतात, वाहतात. मान हलवली की बदलतात. या पंखांवरची नक्षी बऱ्याच कोनांतून बघितली तरी तशीच राहते. पंखाच्या बारीक सुरकुत्या आणि त्यावरची सूक्ष्म उंचसखल रचना तिला धरून ठेवते. म्हणजे प्रकाशाचा क्षणिक खेळ म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. जातीजातीला नक्षी वेगळी, काहींत नराची आणि मादीची वेगळी. त्याच वर्षी शेवत्सोवा आणि हान्सन यांनी अ‍ॅक्रिसोकॅरॉइडिस नावाच्या परजीवी गांधीलमाश्यांच्या जाती ओळखायला ही नक्षी वापरली आणि त्या लेखात दोन नव्या जाती नोंदवल्या. एरवी या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना तज्ज्ञांच्याही डोळ्यांना पाणी येतं.

यासाठी लागलं काय? अब्जावधींचं यंत्र नाही. काळी पार्श्वभूमी आणि उजेडाची दिशा. हे वाचलं तेव्हा मी पंधरा मिनिटं काही न बोलता बसून होते, आणि मग तो ओट्यावरचा फोटो आठवला.

मुद्दा सौंदर्यापुरता नाही, हे २०१४ मध्ये कळलं. जपान आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रश्न विचारला, की चिलटाच्या मादीला हे रंग दिसतात का, आणि दिसले तर त्याचं तिला काही पडलंय का? नर चिलट मादीपुढे एक पंख बाहेर काढून थरथरवतो. त्याचं 'गाणं' म्हणून या हालचालीचा अभ्यास कित्येक वर्षं चालू होता. आता त्यांनी वेगवेगळ्या वाणांचे नर घेतले आणि काळ्या व पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोण माद्यांच्या पसंतीला उतरतं ते बघितलं. ज्यांच्या पंखांचे रंग भडक, ते नर माद्यांना जास्त पसंत पडले. त्यातही किरमिजी भाग मोठा असलेले, निळा किंवा पिवळा जास्त असलेल्यांपेक्षा बरे ठरले. म्हणजे मी लेन्सचा दोष समजून जो किरमिजी पट्टा पुसला होता, त्यावर त्या बिचाऱ्याचं लग्न ठरत होतं.

यातून संग्रहालयांपुढे एक अडचण उभी राहते. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, टाचणीला लावलेले कोरडे नमुने वाचले. जुन्या नमुन्यांच्या पंखांवरही ही नक्षी टिकून असते, फक्त खाली काळं धरायचा अवकाश. पण बाल्सममध्ये बुडवलेल्या स्लाइड्सचं काय? त्यांत अशा जातींचे मूळ नमुनेही आहेत, ज्यांच्यावरून त्या जातीचं नाव ठरलं. पंख आत शाबूत आहे, जाडीही तीच आहे, पण रंग दिसणार नाही. बाल्सम विरघळवून पंख सोडवता येतो, पण शंभर वर्षांचा तो नाजूक पापुद्रा मोकळा करायला जाणं म्हणजे एकुलता एक नमुना गमावण्याचा धोका. कुठला संग्रहपाल ते धाडस करेल? मी तर नाही करणार.

तुम्हाला बघायचं असेल तर सांगते. केळ्यावर मेलेलं चिलट शोधा, काळ्या कापडावर ठेवा. टॉर्चचा थेट झोत नको, टॉर्चसमोर पांढरा कागद धरा म्हणजे उजेड पसरेल, आणि तो तिरका येऊ द्या. साधं दहा पटीचं भिंग पुरतं. एकदा जागा सापडली की सुटणार नाही. मग खालचं काळं कापड काढून पांढरा कागद सरकवा.

माझ्या त्या फोटोची मूळ फाइल सुदैवाने डिलीट केली नव्हती. ती उघडली आणि पट्टी परत शून्यावर आणली. फोटो म्हणून तो वाईटच आहे, मागचा एक पाय चौकटीबाहेर गेलाय आणि डावा पंख अर्धा धूसर आहे. उजव्या पंखावर मुळाशी हिरवा, मग किरमिजी, आणि टोकाकडे निळा. ज्यांना आधी पाठवला होता त्या सगळ्यांना परत पाठवला. एकाने विचारलं, हा एडिट केलाय का? म्हटलं, नाही, आधीचा केला होता.